कॅमेरा आणि टच प्रोब एकत्र कॅलिब्रेट करताना

ज्या मापन मशीनवर कॅमेरा आणि टच प्रोब (पार्टला टोकाने स्पर्श करून मोजणारा) दोन्ही आहेत, तिथे सुरुवातीला एकच गोष्ट कागदावर लिहून घ्या: प्रोग्राममध्ये कॅमेरा कोणत्या झूमवर मोजणार आहे? बाकी यादी त्यानंतर. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. दोन सेन्सरमधला ऑफसेट (एकाच्या मोजण्याच्या बिंदूपासून दुसऱ्याचा किती दूर ते) कमी झूमवर घेतला, प्रोग्राम जास्त झूमवर चालवला आणि टचने घेतलेल्या डेटमपासून (मापं जिथून धरायची त्या संदर्भापासून) कॅमेऱ्याने मोजलेले सगळे होल एकाच बाजूला सरकलेले निघाले. होलचे व्यास बरोबर, होल-होलमधलं अंतर बरोबर, टचची मापंही बरोबर. म्हणून मशीनवर संशयच येत नाही आणि चांगला पार्ट रिजेक्ट होतो. एकेक सेन्सर स्वतंत्र तपासून ही चूक कधीच सापडणार नाही.

होमिंग (अक्ष शून्यावर आणणं), हवेचा दाब, टेबल पुसणं हे सांगायला नको. तापमानाबद्दल मात्र थोडं. संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस हे सगळ्यांना माहीत असतं, पण रिंग गेज (ठरलेल्या व्यासाची अचूक स्टीलची कडी, पुढे ऑफसेट हिच्यावरच घ्यायचा) हातात धरून आणतात आणि लगेच मोजायला घेतात. स्टील मीटरमागे, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. रिंग लहान असल्यामुळे आकडा लहानच येईल, पण ती थंड होत असताना तुम्ही आधी टच आणि मग कॅमेरा लावणार, म्हणजे दोघांना वेगळी रिंग दिली. हातमोजे घाला, रिंग टेबलवर निवू द्या. दिवेही आधीच लावून ठेवा, तेही गरम होतात.

आधी टच. स्टायलसची (प्रोबच्या टोकाच्या काडीची) रूबी बॉल पुसा, स्टायलस घट्ट आहे का बघा, मास्टर बॉलचा (ज्याला टच करून प्रोब कॅलिब्रेट करायचा त्या प्रमाणित गोळ्याचा) व्यास सर्टिफिकेटवरून टाका, अंदाजाने नको. प्रोग्राममध्ये ज्या वेगाने टच करणार त्याच वेगाने इथेही करा, कारण प्रोबचा प्रभावी व्यास वेगाबरोबर थोडा बदलतो. फॉर्मचा आकडा (मोजलेले बिंदू अचूक गोलापासून किती हटतात तो) नेहमीपेक्षा जास्त आला तर तिथेच थांबा. "बघू पुढे" म्हणून पुढे गेलात की तीच चूक ऑफसेटमध्ये मुरते आणि मग वेगळी काढता येत नाही.

आता कॅमेरा. काचेच्या ग्रिड प्लेटवर पिक्सेलचं माप आणि कॅमेऱ्याचा मशीनच्या अक्षांशी असलेला कोन घ्या. हे प्रत्येक झूमला वेगळं. पुन्हा सांगतो, प्रत्येक झूमला. झूम लेन्समधली भिंगं पुढेमागे सरकताना प्रकाशीय अक्षही जागचा हलतो. खात्री करायची तर प्लेटवरच्या एका ठिपक्यावर क्रॉसहेअर आणा, टेबल न हलवता झूम वाढवा आणि ठिपका क्रॉसहेअरखालून कसा सरकतो ते बघा. क्रॉसहेअर स्क्रीनच्या मध्यावर तसाच असतो, खालचा बिंदू बदललेला असतो. काही सॉफ्टवेअर ही सरक भरून काढतात. तुमचं काढतं असं कुणी सांगितलं तरी ठिपक्याची चाचणी करा. झूमला बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढिलाई) असतो, म्हणून हव्या त्या आकड्यावर नेहमी एकाच बाजूने या.

मग ऑफसेटची रिंग. इथे घाई चालत नाही. रिंग क्लॅम्प करा, पण आवळून तिचा आकार बिघडवू नका. वरच्या तोंडावर टचने प्लेन घ्या आणि कल बघा. कॅमेरा कडेवर फोकस करतो, टच आत खोलवर जातो. रिंग ०.१ अंशाने कललेली असेल आणि दोघांच्या उंचीत ५ मिलिमीटर फरक असेल, तर केंद्र जवळजवळ ९ मायक्रॉन सरकतं. म्हणून रिंग सरळ बसवा आणि टच कडेच्या जमेल तितकं जवळ करा. चॅम्फरवर (कडेच्या तिरक्या कापावर) नाही, चॅम्फरच्या खाली. कॅमेऱ्याला बॅकलाइट (खालून उजेड) द्या, वरचा दिवा चॅम्फरची कडही दाखवतो आणि सॉफ्टवेअर कधी ही पकडतं, कधी ती. दिव्याची तीव्रता प्रोग्राममध्ये असेल तेवढीच ठेवा, जास्त उजेडात काळी कड आत खाल्ली जाते आणि भोक मोठं दिसतं. कड पूर्ण वर्तुळभर घ्या. आणि झूम? कागदावर लिहिलेला. दोन झूम वापरणार असाल तर ऑफसेटही दोनदा घ्या.

झेडच्या (उंचीच्या) ऑफसेटसाठी लॅप केलेल्या चकचकीत तोंडावर ऑटोफोकस करू नका, त्याला पकडायला पोत मिळत नाही. बारीक ग्राइंड केलेला सपाट तुकडा घ्या, तिथेच टच करा, तिथेच फोकस करा. फोकस काही वेळा परत घ्या आणि आकडे किती पसरतात ते बघा. टच आणि कॅमेरा होईपर्यंत रिंग किंवा तुकडा हलला, तर पहिल्यापासून.

तपासणी वेगळ्या रिंगवर, टेबलच्या वेगळ्या जागी. ज्या रिंगवर ऑफसेट घेतला तिच्यावरच तपासलं तर उत्तर बरोबरच येणार. दोन्ही सेन्सरनी केंद्र घ्या, एक्स, वाय, झेड फरक बघा. प्रोग्रामच्या झूमवर. औपचारिक चाचणी हवी असेल तर अनेक प्रोबिंग सिस्टिमसाठी आयएसओ १०३६०-९ आहे.

नोंदीत तारीख, तापमान, स्टायलस, रिंगचा नंबर, दिव्याची तीव्रता, झूम. प्रोब आपटला, स्टायलस बदलला, लेन्स काढली, तर ऑफसेट परत. प्रोग्राममध्ये कुणी झूम बदलला, तरीही परत.