गाडी दणके देतेय? आधी हवा मोजा

स्पीडब्रेकरवर गाडी दाणकन आदळली की आपण लगेच 'शॉकअप (चाकामागचे, दणके शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेले' म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो. निघालं काय, तर होटगी रोडला हवा भरणाऱ्याने चारही चाकांत सरसकट 40 पौंड (PSI) भरून ठेवलेली, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीचा आकडा 33! जास्त हवेने टायर कडक होतं, म्हणून दणके. त्यात सोलापूरचं ऊन. टायर तापलं की हवा आणखी तीन-चार पौंड चढते. म्हणून मोजायची ती सकाळी, गाडी फिरवायच्या आधी. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढून आकडा जुळवू नका, थंड झाल्यावर ती कमी पडते.

हवा बरोबर असूनही दणके बसतात? बॉनेटचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर बरं. झोके घेत राहिली तर शॉकअप दमलाय. ही चाचणी दरवेळी खरं बोलत नाही, म्हणून चाकामागे वाकून बघाच. शॉकअपवर कोरडी धूळ असेल तर चिंता नाही. बोटाला तेलकट काळा चिखल लागला, तर तेल गळतंय. मग एकच बदलून भागत नाही, पुढची किंवा मागची जोडी बदलायची. पुढचे बदलले तर अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या.

हळू चालवताना बारीक खड्ड्यांत नुसतं 'खडखड' वाजत असेल, तर आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधली जोडदांडी) आणि बुश (सांध्यातले रबरी तुकडे) तपासायला सांगा. ते शॉकअपपेक्षा बरेच स्वस्त पडतात.