दोन बादल्यांत धुतलेलं चाकावरचं घर

आमच्या गाडीला मी कधी पाइप लावत नाही. दोन बादल्यांतच ती धुतो. लातूरचा माणूस आहे मी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहराला पाणी आलं, तेव्हापासून नळ नुसता वाहताना दिसला तरी माझा जीव खालीवर होतो.

एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून माझं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली, सीटा काढून दोन पलंग, ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि टपावर सोलर प्लेटा बसवून घेतल्या. आईला तुळजापूर, औंढा, माहूर असं निवांत फिरवायचं होतं. पण पहिल्याच पावसाळ्यात माहूरच्या मुक्कामी मागच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि आईचं अंथरूण भिजलं. टप उघडून पाहिला तर सांधे बुजवायचं सिलंट धुळीवरच मारलेलं, आतला प्लाय फुगून भुसभुशीत झालेला. इंजिन बंद पडलं तर रस्त्यात कुणीतरी भेटतं, पण कुजलेला प्लाय महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून सगळ्यात आधी टप.

मे संपत आला की, मृगाच्या आधी, शिडी लावा. आपल्याकडे बेचाळीस अंशांच्या उन्हात पत्रा तापून फुगतो आणि रात्री आक्रसतो. त्यात सिलंटला भेगा पडतात. हवेच्या झडपा, सोलरचे ब्रॅकेट, कडेची पट्टी, प्रत्येक सांधा अंगठ्यानं दाबून बघा. जिथं सुटलंय तिथलं जुनं सिलंट प्लास्टिकच्या पट्टीनं पूर्ण काढा, जुन्यावर नवं थापू नका. पत्रा स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि पॉलियुरेथेन सिलंट भरा. दोन दिवस हात लावायचा नाही. मग झारीनं पाणी सोडा, आधी खालच्या सांध्यावर, मग वरच्या. घरातलं कुणीतरी टॉर्च घेऊन आत बसवा. खालून वर गेलं तरच नेमकं कुठून गळतंय ते कळतं. आतल्या भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवून बघायचीही सवय ठेवा. चांगला प्लाय टणक वाजतो, ओल धरलेला भद्द वाजतो.

धुवायचं ते सकाळी सातच्या आत. तापलेल्या सोलर प्लेटवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते, आणि उन्हात साबण पत्र्यावरच वाळतो. कोरडं फडकं मारू नका, धुळीतली बारीक वाळू रंगावर ओरखडे काढते. आधी झारीनं धूळ भिजवा. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली यायचं. कपड्यांची पावडर वापरू नका, तिनं रंगावरचं मेण निघून जातं. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना थिनर किंवा स्पिरिट लावाल तर त्यांना जाळीसारख्या भेगा पडतील.

बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे धुतल्याबरोबर कोरड्या सुती कपड्यानं टिपून घ्यायचं. तरी पांढरे डाग राहिलेच तर पांढऱ्या व्हिनेगरात तेवढंच पाणी घालून पुसा आणि लगेच धुवा. आई अजूनही ओसरीवरून ओरडते, "कामून एवढं पाणी वतायलास रं!" म्हणून आता दुसऱ्या बादलीचं उरलेलं पाणी चाकांवर जातं.

चाकांवरून काळ्या मातीचं आलं. शेताच्या वाटेनं गेलात तर मडगार्डात ती लिंपल्यासारखी बसते आणि वाळली की दगड होते. ओली असतानाच लाकडी फळीनं खरवडा. फरशीला गॅस खाली निघून जायला भोक ठेवलेलं असतं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. ते भोक चिखलानं बुजलं तर गळालेला गॅस आतच साठेल. प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर मी वाकून ते बघतोच. गॅसचे सांधे साबणाच्या फेसानं तपासायचे, बुडबुडे आले की रेग्युलेटर बंद. काडी पेटवून कधीच बघू नका. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरचा फवारा खिडक्यांच्या रबरावर आणि झडपांवर मारू देऊ नका. धुऊन निघालात की हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा.

टायरवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण उन्हानं भेगाळतात. सहा वर्षांपुढच्या टायरवर आईला घेऊन मी निघत नाही.

आतली टाकी वर्षातून दोनदा. आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं क्षार सोडवा आणि ती खळखळून धुवा. मगच, दुसऱ्या दिवशी, शंभर लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, १०० मिली घाला. प्रत्येक तोटीतून वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, रिकामी करा, वास जाईपर्यंत धुवा. आंबट पदार्थ आणि क्लोरीन एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. टाकीतून काढलेलं पाणी मी न्हाणीघर आणि फरशी पुसायला वापरतो, झाडांना घालत नाही.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर ज्वारीचं पीठ, साखर, सगळं घरात आणा, नाहीतर उंदीर येतात आणि पिठासोबत वायरीही खातात. गाद्या उभ्या करा, कपाटं उघडी ठेवा. फ्रिज पुसून कोरडा करा आणि त्याच्या दारात फडक्याची गुंडाळी अडकवा, म्हणजे दार मिटणार नाही आणि आत बुरशी धरणार नाही. त्या गुंडाळीसाठी आईचं जुनं लुगडं आहे, धुऊन धुऊन मऊ झालेलं.