पडवीत चालण्याच्या समांतर दांड्या बसवताना

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की गणपतीला येणारा प्रत्येक चाकरमानी मुंबईहून एखादे यंत्र घेऊन येतो. आमच्या माळ्यावर अशी दोन यंत्रे पडून आहेत: बसल्या जागी पायांनी फिरवायची छोटी सायकल आणि विजेवर थरथरणारा पट्टा. सायकलीने सांधे हलते राहतात, हे मान्य आहे. परंतु अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे, म्हणजेच चालणे, ती शिकवत नाही. ते शिकायला पडवीत बसवलेल्या दोन समांतर दांड्या पुरतात. देवगड तालुक्यात मी अशा दांड्या सहा घरांत बसवून घेतल्या आहेत आणि त्यांतल्या पहिल्या, माझ्या वडिलांसाठी बसवलेल्या, साफ चुकल्या होत्या.

रुग्णाला उभे करण्यास डॉक्टरांची आणि फिजिओथेरपिस्टची संमती आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

जागा पडवीतलीच निवडावी, कारण जूनपासून चार महिने अंगण निसरडे असते. लांबी तीन मीटर ठेवावी आणि दोन्ही टोकांना हातांची खुर्ची ठेवता येईल एवढी मोकळी जागा सोडावी. भिंतीला एकच दांडी ठोकून काम भागते, हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. उजवा हात धड असलेला माणूस उजवीकडच्या दांडीच्या आधाराने टोकापर्यंत जातो, परतायला वळतो, आणि त्याच क्षणी त्याची दांडी लुळ्या हाताच्या बाजूला जाते. दोन दांड्यांमधील अंतर रुग्णाच्या अंगापेक्षा थोडेच अधिक, साधारण 55 ते 60 सेंटिमीटर असावे. त्याहून जास्त ठेवल्यास हात फाकतात आणि आधार सुटतो. दांडी जांभ्याच्या भिंतीजवळून जाणार असेल तर मध्ये निदान चार बोटे जागा ठेवावी, नाहीतर चिऱ्यावर बोटांची साले निघतात.

माणग्याचे बांबू सुंभाने बांधून दांड्या करू नयेत. माणगा भक्कम असतो, पण त्याचे पेर तळहाताला टोचते आणि सुंभ भिजून वाळला की गाठ सैल पडते. जस्ताचा मुलामा दिलेली सव्वा इंची लोखंडी नळी घ्यावी. तिचा बाहेरचा व्यास सुमारे 42 मिलिमीटर असतो आणि ती मुठीत नीट बसते. खांब चिऱ्याला फास्टनर ठोकून बसवण्याचा आग्रह वेल्डर धरील. तो मानू नये. जांभा सच्छिद्र आहे, रोजच्या ओढीने फास्टनर सैल होतो. प्रत्येक बाजूला तीन खांब, हातभर खोल खड्डे, त्यांत काँक्रीट आणि सात दिवस पाणी, एवढे केले की ते काम संपले.

आता उंची. सारे येथेच बिघडते. दांडी मनगटाच्या घडीच्या पातळीला असावी, म्हणजे ती धरल्यावर कोपर 20 ते 30 अंश वाकतो आणि त्याच वाकातून हाताला खाली रेटा देता येतो. नियम सोपा आहे, पण ज्याला सरळ उभे राहता येत नाही, त्याचे मनगट मोजायचे कसे? मी वडिलांना टेबलाला धरून उभे केले आणि जमिनीपासून माप घेतले: 74 सेंटिमीटर. ते कमरेत वाकले होते, गुडघाही दुमडला होता, हे मला दिसत असूनही उमगले नाही. मग त्या बुटक्या दांड्यांवर ते रोज ओणवे होऊन चालले आणि तीन आठवड्यांत तीच त्यांची चाल झाली. तोल पुढे जाई, नजर पावलांवर खिळे, आणि मी मात्र त्यांना "अण्णा, ताठ व्हा" असे सांगत राहिलो. दांडीच त्यांना ताठ होऊ देत नव्हती.

माप नेहमी निजवून घ्यावे. रुग्णाला सपाट, कडक अंथरुणावर उताणे झोपवावे, हात अंगालगत सरळ ठेवावा, पाऊल फळीला टेकवून काटकोनात धरावे आणि टाचेपासून मनगटाच्या घडीपर्यंत टेप लावावी. त्यात चपलेच्या तळाची जाडी मिळवावी. वडिलांचे माप असे 79 आणि 2 मिळून 81 सेंटिमीटर भरले, म्हणजे मी सात सेंटिमीटरने चुकलो होतो. घाबरून उलटी चूकही करू नये. दांडी फार उंच झाली तर खांदे कानांकडे चढतात आणि हाताला रेटा देता येत नाही. गुडघा आखडलेला असेल तर निजून घेतलेले माप थोडे जास्तच येते, म्हणून पुढे उंची बदलण्याची सोय हवीच. खांबाच्या सव्वा इंची नळीत एक इंची नळी सरकते. तिला इंचाइंचावर भोके पाडून प्रत्येक खांबाला दोन आडवे बोल्ट घालावेत. एका बोल्टवर नळी डुगडुगते आणि रुग्णाचा विश्वास उडतो.

दुसरा सापळा गवंड्याचा असतो. आमच्या गवंड्याने पाणसळ लावून दांडी अचूक आडवी केली आणि त्याचे समाधान झाले. पडवीला मात्र पाणी जाण्यासाठी उतार होता, त्यामुळे बाहेरच्या टोकाला दांडी जमिनीपासून चार सेंटिमीटर अधिक उंच झाली. दांडी पाण्याला नव्हे, जमिनीला समांतर हवी. प्रत्येक खांबापाशी टेपने वेगळे मोजावे.

वापर सुरू करताना रुग्णाला खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसवावे, चक्कर येत नाही हे पाहावे आणि मगच उभे करावे. पायात मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. मदत करणाऱ्याने लुळ्या बाजूला किंचित मागे उभे राहून कमरेचा रुंद पट्टा धरावा. लुळा हात किंवा काख धरून ओढल्यास खांदा निखळू शकतो. याच कारणाने विहिरीची जुनी कप्पी तुळईला बांधून लुळा हात वर खेचण्याचा जो व्यायाम गावोगाव सांगितला जातो, तो मी कोणालाही करू देत नाही. पहिले काही दिवस नुसते उभे राहणे आणि भार डावीकडे-उजवीकडे झुलवणे पुरे. मुठीची बोटे पांढरी पडत असतील तर रुग्ण पायांवर उभा नसून दांडीला लटकला आहे, असे समजावे आणि त्याला बसवावे.

खारा वारा प्रथम वेल्डिंगचे सांधे धरतो, कारण तेथील जस्त जळालेले असते. तेवढ्या जागा मे महिन्यात घासून रंगवाव्यात आणि बोल्टना ग्रीस लावावे, नाहीतर उंची बदलायची वेळ येते तेव्हा ते कापूनच काढावे लागतात.