फॅमिली प्लॅन शेअर करा, पण कार्ड आणि प्रायव्हसी सांभाळून

फॅमिली प्लॅन घेताना बहुतेक जण एवढंच बघतात की सगळ्यांत वाटून डोक्यामागे किती पडतं, आणि मग सेटअपच्या प्रत्येक स्क्रीनवर न वाचता कंटिन्यू कंटिन्यू दाबत सुटतात. गोची तिथेच होते, कारण त्या स्क्रीन्समधे नुसता प्लॅन शेअर होत नाही, तुमचं कार्ड, लोकेशन, कॅलेंडर असं बरंच काय काय पण उघडं होऊ शकतं. प्लॅन शेअर करणं आणि पेमेंट शेअर करणं ही दोन वेगळी बटणं आहेत, एक चालू ठेवून दुसरं बंद करता येतं. घरात सगळे कमावते असतील तर पेमेंटचं बटण बंदच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी अ‍ॅपलचं बघू. त्यांच्या फॅमिली शेअरिंगमधे ग्रुप बनवणारा म्हणजे ऑर्गनायझर, आणि त्याच्याशिवाय अजून पाच जण. पर्चेस शेअरिंग (हेच ते पेमेंट शेअर करायचं बटण) चालू असेल तर कोणीही अ‍ॅप घेतलं, सिनेमा घेतला, गेममधली नाणी घेतली की पैसे ऑर्गनायझरच्या कार्डवरून जातात (घेणाऱ्याच्या स्वतःच्या अकाउंटमधे बॅलन्स असेल तर आधी तो वापरला जातो). आणि पैशांबरोबर पावतीसुद्धा ऑर्गनायझरकडेच जाते. काय घेतलं, किती पडलं, कोणाच्या अकाउंटवरून, सगळं त्यात छापलेलं. म्हणजे सुनेने प्रेग्नन्सी ट्रॅकरचं सबस्क्रिप्शन घेतलं की बातमी नवऱ्याच्या आधी सासऱ्यांच्या इनबॉक्समधे. डेटिंग अ‍ॅप, थेरपीचं अ‍ॅप, नवीन नोकरीसाठी रेझ्युमे बनवायचं अ‍ॅप, सगळ्याचं तेच.

बरेच जण सांगतात की खरेदी हाइड करा. अ‍ॅप स्टोअरमधे आपल्या फोटोवर टॅप करून घेतलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत जायचं, अ‍ॅपच्या नावावर डावीकडे सरकवलं की हाइड येतं. ते करा, हरकत नाही, पण त्याने फक्त बाकीच्यांच्या यादीतून ते अ‍ॅप जातं, गेलेली पावती काही परत येत नाही. त्यामुळे खरा उपाय म्हणजे ऑर्गनायझरने सेटिंग्जमधे फॅमिलीमधे जाऊन पर्चेस शेअरिंग बंद करायचं. मग ज्याने त्याने आपापलं कार्ड लावायचं. तोटा एवढाच की एकाने विकत घेतलेलं अ‍ॅप किंवा सिनेमा बाकीच्यांना फुकटात मिळायचा बंद होतो, पण आयक्लाउडची (अ‍ॅपलचं ऑनलाइन स्टोरेज) शेअर केलेली जागा, अ‍ॅपल म्युझिकचा फॅमिली प्लॅन वगैरे चालूच राहतं. लहान मुलं असतील तर मात्र हे चालू ठेवून त्यांच्यासाठी आस्क टू बाय लावा, म्हणजे काहीही घ्यायच्या आधी तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते.

अजून एक गोष्ट जी अडकल्याशिवाय कळत नाही. मेंबरने स्वतःच्या अकाउंटवरून सबस्क्रिप्शन घेतलं आणि पैसे ऑर्गनायझरच्या कार्डवरून जात असले तरी ऑर्गनायझरला ते आपल्या फोनवरून कॅन्सल करता येत नाही! ज्याने घेतलं त्यानेच आपल्या सेटिंग्जमधे सबस्क्रिप्शन्समधे जाऊन बंद करायचं. अ‍ॅप डिलीट करून काहीही बंद होत नाही, फ्री ट्रायल असेल तर संपायच्या निदान 24 तास आधी कॅन्सल करा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

गूगलचं साधारण तसंच आहे, मॅनेजर (म्हणजे इथला ग्रुप बनवणारा) धरून सहा जण. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधे फॅमिलीमधे जाऊन मेंबरच्या नावावर टॅप केलं की पर्चेस अप्रूव्हल दिसेल, तिथे प्रत्येकासाठी वेगळं ठरवता येतं की कशाकशाला परवानगी लागेल. इथेही फॅमिली पेमेंट मेथडवरून, म्हणजे सगळ्यांसाठी लावलेल्या मॅनेजरच्या कार्डवरून, काही घेतलं की पावती मॅनेजरला जाते, त्यामुळे जे आपल्यापुरतं ठेवायचंय ते घेताना शेवटच्या स्क्रीनवर कोणतं कार्ड निवडलेलं आहे ते बघूनच बटण दाबा. पोराने गेममधे चुकून काही घेतलंच तर गूगल प्लेवर 48 तासांच्या आत रिफंड मागणं सगळ्यात सोपं, नंतर प्रकरण बरेचदा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे जातं.

आता स्टोरेज, कारण याबद्दल लोकांना उगाचच भीती असते. गूगल वन (गूगलचा स्टोरेजचा प्लॅन) किंवा आयक्लाउडची जागा शेअर केली म्हणून कोणाला तुमचे फोटो आणि फाइली दिसत नाहीत. कोणी किती जागा खाल्ली तेवढं दिसतं, त्यावरून टोमणे मारायचे तेवढे मारतील. मायक्रोसॉफ्ट 365 फॅमिलीमधे तर प्रत्येकाला स्वतःची वेगळी 1 टीबी मिळते, तिथे तो पण प्रश्न नाही.

खरी भीती बाळगायचीच असेल तर एकच अ‍ॅपल अकाउंट घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकण्याची बाळगा. अजूनही कितीतरी घरात हे चालू आहे, एकाने अकाउंट काढलं आणि आईच्या, बहिणीच्या, सगळ्यांच्या फोनमधे तेच टाकून दिलं. मग काय होतं, बहिणीचे कॉन्टॅक्ट आईच्या फोनमधे, एकाचे मेसेज दुसऱ्याच्या स्क्रीनवर, एकाने काढलेला फोटो सगळ्यांच्या गॅलरीत आणि एकाने डिलीट केला की सगळ्यांकडून गायब. फॅमिली शेअरिंग आहेच मुळात यासाठी की प्रत्येकाचं अकाउंट वेगळं राहावं. तुमच्याकडे असं असेल तर बाकीचं सगळं नंतर, आधी हे सोडवा.

ग्रुपमधे आल्यावर अजून दोन गोष्टी तपासा. एक लोकेशन, ते आयफोनवरच्या फाइंड माय अ‍ॅपमधे जाऊन प्रत्येक माणसासाठी वेगळं बंद करता येतं. दुसरं कॅलेंडर, अ‍ॅपल आणि गूगल दोघंही फॅमिलीच्या नावाचं कॅलेंडर आपोआप बनवून देतात, सरप्राइज पार्टीची तारीख त्यात टाकलीत तर सरप्राइज संपलं.

नेटफ्लिक्ससारख्या एकाच लॉगिनवर चालणाऱ्या ठिकाणी प्रोफाइल वेगळी करा आणि तिला पिन लावा. पाहिलेल्यांच्या यादीतून एखादं नाव काढता पण येतं, फक्त सगळ्या डिव्हाइसवरून जायला 24 तास लागू शकतात. आणि घरच्या टीव्हीवर यूट्यूब कोणाच्या अकाउंटने चालू आहे ते बघा, नाहीतर पाहुण्यांच्या पोरांनी बघितलेली कार्टून्स तुमच्या फोनवर सजेशनमधे येत राहतील.

पैशांचं म्हणाल तर दर महिन्याला मागत बसू नका, मागणाऱ्यालाच लाज वाटते आणि देणारा विसरतो. वर्षाचं एकदम, रिन्यूअलच्या आधी गोळा करा आणि पैसे आले नाहीत तर रिन्यू करायचं की नाही ते तेव्हाच बोलून टाका. कार्ड एकाचं असतं त्यामुळे ते एक्स्पायर झालं की सगळ्यांचंच बंद पडतं, म्हणून कार्डाची तारीख घरच्या चॅट ग्रुपवर टाकून ठेवा. अनोळखी माणसाकडून फॅमिली प्लॅनमधली जागा विकत घेऊच नका, यूट्यूब आणि स्पॉटिफायला सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात, आणि तो माणूस पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी तुम्हाला काढून टाकू शकतो.

ग्रुप सोडायच्या आधी दोन गोष्टी बघा. अ‍ॅपल आणि गूगल दोन्हीकडे वर्षातून एकदाच दुसऱ्या फॅमिलीत जाता येतं, त्यामुळे भांडणाच्या तावात लीव्ह दाबू नका. आणि सोडल्यावर तुमची जागा फुकटच्या मर्यादेवर येते, गूगलवर 15 जीबी आणि आयक्लाउडवर 5 जीबी. गूगलवर त्याच्या वर गेलेलं असेल तर जीमेलवर नवीन मेल येणं थांबतं, अगदी बँकेचा मेलसुद्धा. म्हणून आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या किंवा स्वतःचा छोटा प्लॅन घेऊन ठेवा आणि मगच बाहेर पडा.