पार्किंगवरची इमारत टेबलावर कशी हलवून दाखवावी

स्थापत्य अभियांत्रिकीतील एखादे संशोधन गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत किंवा शाळेच्या प्रदर्शनात मांडायचे असेल, तर संपूर्ण प्रबंध प्रतिकृतीत कोंबण्याचा मोह टाळून त्यातील एकच निष्कर्ष निवडावा. नाशिककरांना सर्वांत जवळचा विषय म्हणजे पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवलेली इमारत, अर्थात ‘सॉफ्ट स्टोरी’. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे, गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागात अशा इमारती सर्रास दिसतात, आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत याच प्रकारच्या अनेक इमारती कोसळल्या होत्या.

एकसारख्या दोन प्रतिकृती कराव्यात. प्रत्येकीत ३० सेंटिमीटरच्या दोन स्टीलच्या फूटपट्ट्या हे खांब, आणि १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे १५ बाय ५ सेंटिमीटरचे चार तुकडे म्हणजे पाया व तीन स्लॅब. प्लायवुडचे उरलेले तुकडे सुताराकडे सहज मिळतात. दोन स्लॅबमध्ये साधारण साडेसात सेंटिमीटर मोकळी उंची ठेवावी. सांध्यावर मात्र कंजुषी करू नये: फूटपट्टी तुकड्याच्या अरुंद कडेला लावून वर लाकडी चीप ठेवावी आणि दोन स्क्रूंनी घट्ट आवळावी, कारण सांधा ढिला असेल तर पोलाद वाकण्याऐवजी सांधाच फिरतो आणि प्रात्यक्षिक खोटे ठरते. दुसऱ्या प्रतिकृतीच्या फक्त वरच्या दोन मजल्यांना पुढून-मागून जाड पुठ्ठ्याच्या भिंती चिकटवाव्यात. स्टीलच्या ट्रेमध्ये एकाच आकाराच्या गोट्या पसरून त्यांवर फळी ठेवली आणि दोन्ही प्रतिकृती तिच्यावर शेजारी शेजारी पक्क्या केल्या की हाताने हलवण्याजोगा कंपनमंच तयार होतो.

फळी हलवण्याआधी वाकेल कुठे, हे पाहुण्यांना विचारावे. माझ्या अनुभवात बहुतेक जण वरच्या मजल्याकडे बोट दाखवतात. मग फळी प्रथम सावकाश, नंतर वेगाने हलवावी. पहिली प्रतिकृती तिन्ही मजल्यांत डोलते, तर दुसरीचे वरचे दोन मजले एकाच डब्यासारखे सरकतात आणि सगळे वाकणे तळाच्या पट्ट्यांत एकवटते. खांबाच्या ताठपणाचे सूत्र तेव्हाही सांगू नये. टेबलाच्या कडेबाहेर फूटपट्टी १० आणि मग २० सेंटिमीटर काढून मुलांना एकाच बोटाने दाबायला लावावी. लांबी दुप्पट होताच ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो, हे बोटालाच कळते. शेवटी तळमजल्यात तिरकी लाकडी पट्टी प्रेक्षकाकडूनच बसवून घ्यावी व फळी पुन्हा हलवावी.

प्रतिकृती काय दाखवत नाही, हेही सांगायलाच हवे. लांबी पन्नासाव्या हिश्श्याची केली की खांबाचे क्षेत्रफळ अडीच हजाराव्या, पण वजन सव्वा लाखाव्या हिश्श्यावर येते. म्हणून तोच पदार्थ वापरला तरी प्रतिकृतीतील स्ववजनाचा ताण खऱ्या इमारतीच्या पन्नासावा भाग उरतो, आणि फूटपट्टी कितीही वाकली तरी ती आरसीसी खांबासारखी तडकत नाही. पुठ्ठ्याच्या जादा भिंती आणि फेविकॉल सोबत ठेवावे, कारण मुले फळी ठरलेल्यापेक्षा जोरात हलवतात.