प्लेटमागचा पंच: मास्कची निवड, उभे राहण्याची रीत आणि मैदानावरील वर्तन

खानदेशात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे खेळ प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर खेळले जातात. त्यामुळे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पंचाचे काम करणारी बहुतेक मंडळी क्रीडा शिक्षक, माजी खेळाडू किंवा नुकतेच महाविद्यालय सोडलेले तरुण असतात. नियमांची त्यांना चांगली माहिती असते. परंतु होम प्लेटमागे, म्हणजे बॅट धरणारा खेळाडू ज्या पाटीशी उभा असतो तिच्या मागे, उभे राहताना डोक्याला काय लावावे, ते कसे पारखावे आणि ते लावून मैदानावर कसे वागावे, हे त्यांना सहसा कोणी बसवून शिकवत नाही. मास्क आणि वर्तन या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, असे माझे ठाम मत आहे. ज्या पंचाचा आपल्या मास्कवर भरवसा नाही, त्याचे डोके चेंडू येताच नकळत मागे किंवा बाजूला जाते. डोके हलले की चेंडू प्लेटवरून नेमका कुठून गेला ते दिसत नाही. आणि न दिसलेल्या चेंडूवर दिलेला निर्णय रेटण्यासाठी मग आवाज चढवावा लागतो. मैदानावरची बरीचशी भांडणे अशीच सुरू होतात.

बेसबॉलच्या चेंडूचे वजन 142 ते 149 ग्रॅम असते. ताशी 110 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, प्लेटपर्यंतचे 18.44 मीटर अंतर अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात कापतो. मात्र तोच चेंडू बॅटला निसटता लागून मागे वळला, तर बॅट आणि पंचाचा चेहरा यांच्यात जेमतेम दीड-दोन मीटर उरतात आणि हे अंतर तो सेकंदाच्या पंधराव्या किंवा विसाव्या हिश्श्यात पार करतो. पाहिलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायलाच माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. म्हणजे असा चेंडू चुकवणे कोणालाही शक्य नाही. तो मास्कवर घ्यायचा असतो, एवढे एकदा मनाशी पक्के झाले की पुढचे सगळे सोपे होते.

ज्या मैदानावर मास्क उपलब्ध नाही, तेथे पंचाने प्लेटमागे उभे राहूच नये. पिचरच्या मागे काही मीटर अंतरावर, किंचित एका बाजूला उभे राहून स्ट्राइक (ठरलेल्या पट्ट्यातून आलेला चेंडू) आणि बॉल (त्याबाहेरून गेलेला) सांगता येतात. तेथेही समोरून जोरात आलेल्या फटक्याकडे लक्ष ठेवावे लागते, पण उघड्या चेहऱ्याने कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, मागे वाकण्यापेक्षा ते कितीतरी बरे. क्रिकेटचे हेल्मेट घालून वेळ भागवण्याची पद्धत आपल्याकडे दिसते आणि ती सोडून द्यायला हवी, कारण त्या हेल्मेटमध्ये गळा उघडा राहतो आणि त्याची जाळी जवळून निसटून येणाऱ्या चेंडूचा विचार करून बनवलेली नसते. मोटारसायकलचे हेल्मेट तर या कामाचेच नाही.

मास्क निवडताना आणि पारखताना

मास्कचे दोन प्रकार आहेत. पहिला जुना, म्हणजे चेहऱ्यावर गजांची जाळी, आत कपाळ आणि हनुवटीशी गाद्या, मागे पट्टे आणि खाली आखूड टोकाची टोपी. हार्वर्डच्या फ्रेड थेयर यांनी तलवारबाजीच्या मुखवट्यावरून सुचलेल्या अशा जाळीचे पेटंट 1878 मध्ये घेतले, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. दुसरा प्रकार हॉकीच्या गोलरक्षकासारखा, पूर्ण डोके झाकणारा. टोरंटोचा कॅचर चार्ली ओब्रायन याने 1996 मध्ये तो पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत वापरला. जुना मास्क हलका असतो, वारा लागतो आणि क्षणात काढता येतो. पूर्ण हेल्मेट जड आणि उकाड्याचे, पण त्यात कान, कानशिले आणि माथा झाकला जातो. शालेय सामन्यांत बॅट फिरवल्यावर ती मागे खूप लांबपर्यंत येते, कधी हातातून निसटतेही. शिवाय नवा पंच हमखास मान वळवतो आणि मग कान चेंडूसमोर येतो. म्हणून पहिली एक-दोन वर्षे पूर्ण हेल्मेटच वापरावे, असे मी प्रत्येक नव्या पंचाला सांगतो. डोके स्थिर ठेवण्याची सवय अंगी मुरली की हलक्या मास्ककडे वळायला हरकत नाही.

मास्क घेताना खरा चेंडू सोबत न्यावा आणि गजांमधल्या प्रत्येक फटीवर तो अंगठ्याने जोर लावून दाबून पाहावा. तो कुठेही आत शिरता कामा नये. जिथे दोन गज जोडले आहेत तिथे नख फिरवावे, रंगाचा पापुद्रा उडालेला असेल तर त्याखाली वेल्डिंगला चीर नाही ना हे उजेडात बघावे. चीर गेलेला मास्क वेल्डिंगच्या दुकानातून जोडून आणू नये, तो बाद करावा. गादीवर अंगठा दाबल्यावर आतले लोखंड हाताला लागले, तर ती गादी संपली असे समजावे. मास्क चेहऱ्यावर चढवल्यावर हनुवटी खालच्या गादीत नीट बसावी, दोन्ही डोळे रुंद फटीच्या मधोमध यावेत आणि नाक व गज यांच्यात किमान दोन बोटांचे अंतर राहावे. पट्टे घट्ट आवळण्याचा मोह टाळावा. मान हलवली तरी मास्क जागेवर राहील इतपतच ताण पुरे, कारण जोराचा मार बसल्यावर मास्क थोडा सरकला, फिरला, तर त्या माराचा काही भाग त्यातच जिरतो. डोक्याला करकचून बांधलेला मास्क सगळा धक्का मानेकडे पाठवतो. केस लांब असतील तर अंबाडा किंवा वेणी मानेजवळ खाली बांधावी. वर बांधलेला अंबाडा हेल्मेटला पुढे ढकलतो आणि डोळ्यांची रेषाच बिघडते. चष्मा असेल तर न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा घ्यावा आणि मास्क निवडताना तो डोळ्यांवर ठेवूनच निवडावा.

गळ्याखाली लोंबणारे थ्रोट गार्ड अडचणीचे वाटते म्हणून काढून ठेवणारे काही जण आहेत. 1976 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा कॅचर स्टीव्ह यीगर पुढच्या पाळीची वाट पाहत उभा असताना तुटलेल्या बॅटचा तुकडा त्याच्या गळ्यात घुसला. तो वाचला, आणि त्यानंतर संघाचे ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापतींकडे पाहणारे) बिल ब्यूलर यांनी मास्कला लटकवण्याचे हे गार्ड तयार केले. ज्या मास्कची जाळी खालपर्यंत वाढवलेली नाही, त्याला ते लावलेच पाहिजे. छाती, खांदे, नडगी आणि जांघ यांची गार्ड तर असायलाच हवीत, त्यावर वेगळे लिहिण्याची गरज नाही.

आपल्याकडच्या उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात मास्क गाडीच्या हँडलला लटकवून ठेवला तर गज चटके देण्याइतके तापतात, इलॅस्टिकचे पट्टे लवकर सैल पडतात आणि गाद्यांचा चिकटवलेला भाग सुटू लागतो. शिवाय गाडी आडवी पडली तर जाळी वाकते, ती वेगळीच. मास्क कापडी पिशवीत, सावलीत ठेवावा. कपाळावर सुती पट्टी बांधावी, म्हणजे घाम डोळ्यांत उतरत नाही. सामना संपल्यावर गाद्या काढून साध्या साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवाव्यात, कारण घामाचे पांढरे खारे डाग तसेच राहिले की गादी कडक होते आणि तिचा धक्का पेलण्याचा गुण कमी होतो.

डोके स्थिर कसे ठेवावे

पंचाची जागा बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या मोकळ्या फटीत असते. बॅटर उजवा असेल तर ही फट पंचाच्या डाव्या हाताला येते. तेव्हा डावा पाय पुढे, उजवा पाय रुंद अंतरावर आणि उजव्या पायाची बोटे डाव्या टाचेच्या रेषेत, अशी ठेवण घ्यावी. डावा बॅटर आला की हे सगळे उलट होते. हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या किंचित वर आणि डोळे स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरचा, साधारण बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा पट्टा) वरच्या रेषेजवळ असावेत. त्याहून खाली वाकले की कॅचरचे डोके आड येते आणि गुडघ्याजवळचा चेंडू दिसेनासा होतो. कॅचर आतल्या बाजूला सरकून फट बुजवू लागला, तर बाहेर न जाता किंचित वर उठावे.

चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत त्याच्यामागे केवळ डोळे फिरवावेत, मान नाही. चेहरा सरळ चेंडूकडे असला की मास्कचा सर्वांत मजबूत भाग समोर राहतो. म्हणूनच स्थिर डोके हे अचूक निर्णयाचे जितके साधन आहे, तितकेच सुरक्षिततेचेही आहे. मोकळा हात मांडीच्या आतल्या बाजूला किंवा कॅचरच्या आडोशाला ठेवावा. तोंडात तंबाखू, सुपारी किंवा च्युइंगम नसावे, कारण हनुवटीवर मार बसल्यावर ते घशात अडकू शकते. दात हलके मिटलेले असावेत.

ही ठेवण सामन्यात शिकता येत नाही. सरावाच्या वेळी कॅचरमागे मास्क लावून उभे राहावे, बॅटर ठेवू नये, आणि नुसते चेंडू बघावेत. पापणी मिटण्याची ओढ हळूहळू कमी होते.

मास्क हातात असताना

चेंडू मैदानात मारला गेला की मास्क डाव्या हाताने काढावा. इंडिकेटर, म्हणजे स्ट्राइक-बॉल मोजण्याचे छोटे साधन, डाव्याच हातात, खालच्या दोन बोटांत धरलेले असते. उरलेल्या बोटांनी मास्कचा खालचा भाग धरून तो आधी पुढे ओढावा आणि मग वर उचलावा, म्हणजे टोपी पडत नाही. या सगळ्यात डोळे चेंडूवरून हलू नयेत. मास्क डाव्या हातातच ठेवून धावावे, कारण आउटची खूण उजव्या हाताने करायची असते. मास्क कपाळावर चढवून फिरणे, तो काखेत मारणे किंवा त्याने कोणाकडे बोट दाखवल्यासारखी खूण करणे टाळावे. संघाचा मार्गदर्शक बोलायला आला की मास्क काढूनच बोलावे. जाळीआडून आलेले उत्तर, कितीही नम्र असले, तरी उद्धट वाटते.

टाकलेला चेंडू पंचाच्या किंवा कॅचरच्या मास्कमध्ये अडकून बसला, तर खेळ थांबतो आणि बेसवरील धावपटूंना एक बेस पुढे जाता येते, हा नियम सामन्याआधी सहकारी पंचाशी एकदा उजळून घ्यावा. प्रसंग क्वचितच येतो, पण आला की दोन्ही संघ एकाच वेळी धावून येतात.

सामन्यापूर्वी कॅचरचे साहित्य तपासणे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या शाळांत अनेकदा एकच संच सगळ्या संघांत फिरतो, आणि चौदा वर्षांखालच्या मुलीच्या डोक्यावर मोठ्या मुलाचे हेल्मेट डगमगत असते. ज्या कॅचरला आपल्या हेल्मेटची भीती वाटते, तो चेंडू अडवत नाही, आणि मग तो चेंडू पंचाकडे येतो. हेल्मेट नीट बसेपर्यंत सामना सुरू करू नये. मैदानाच्या त्या बाजूला संरक्षक जाळी नसेल तर प्लेटच्या पाठीमागे बसलेले पालक आणि मुले आयोजकांना सांगून बाजूला हलवावीत.

एका तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. समोरचा मार्गदर्शक कधी आपलाच जुना शिक्षक असतो, कधी नात्यातला. नमस्कार दोन्ही संघांना सारखाच करावा आणि सामन्याच्या दिवशी कोणत्याही एका संघाच्या मंडपात बसून चहा-नाश्ता घेऊ नये. स्ट्राइक-बॉल, सेफ-आउट, फेअर-फाउल (मारलेला चेंडू रेषांच्या आत की बाहेर) हे निर्णय अंतिम असतात आणि त्यांवर हरकत घेता येत नाही. नियम चुकीचा लावला गेला अशी शंका असेल तर मात्र मार्गदर्शकाला दाद मागता येते. हा फरक शांतपणे सांगता यायला हवा. ‘काय सर, हा गुडघ्याच्या खाली नव्हता का?’ असे कोणी ओरडले, तर ‘सर, मला झोनमध्ये दिसला. नियमाचं काही विचारायचं असेल तर टाइम घेऊन या,’ एवढे पुरते. प्रेक्षकांतून ‘काय भो पंच’ अशी हाक आली तर वळूनही बघू नये. निर्णय चुकला असे मनाला वाटले तरी पुढच्या चेंडूवर दुसऱ्या संघाला भरपाई देऊ नये. तसे केल्याने एकाऐवजी दोन निर्णय चुकतात. शंका असेल तर सहकारी पंचाला बाजूला घेऊन विचारावे, खेळाडूंच्या घोळक्यात नाही.

चेंडू मास्कवर लागल्यावर

खेळ थांबल्यावर मास्क काढून पाच-सहा श्वास घ्यावेत. चांगला कॅचर अशा वेळी नवा चेंडू घेऊन स्वतः पिचरपर्यंत चालत जातो आणि पंचाला वेळ मिळवून देतो. कॅचरला मार बसला तर पंचानेही प्लेट झाडण्याच्या निमित्ताने त्याला तेवढाच वेळ द्यावा. जाळी वाकली किंवा जोड हलला असेल तर तो मास्क त्या सामन्यात पुन्हा चढवू नये.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, प्रकाश सहन न होणे, किंवा आता कितवी इनिंग आहे आणि काउंट (स्ट्राइक-बॉलची मोजणी) किती आहे हे पटकन न आठवणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर पंचाने त्या दिवशी पुन्हा उभे राहू नये. बेसवरच्या पंचाने प्लेटमागची जागा घ्यावी आणि हा बदल दोन्ही मार्गदर्शकांना सांगावा. अशा वेळी सहकारी पंचाचा शब्द शेवटचा मानावा, कारण मार बसलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असेच वाटत असते. पुन्हा पुन्हा उलटी होणे, एक बाहुली मोठी दिसणे, झटका येणे किंवा झापड वाढत जाणे, अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. लक्षणे सौम्य असली तरी डॉक्टरांना दाखवावे, त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत घरी परतू नये, कोणी तरी सोबत द्यावे, आणि रात्री काय लक्ष ठेवायचे ते त्याने घरच्यांना समोर बसून सांगावे.