केंद्रनिहाय मतदान आणि वस्तीची रचना एकत्र कशी वाचावी

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कुलाब्यात सुमारे ४४ टक्के, तर करवीरमध्ये ८४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. असा फरक समजून घ्यायचा असेल, तर मतदारसंघाची सरासरी बाजूला ठेवून मतदान केंद्रापासून सुरुवात करावी.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून ‘नमुना २०’ उतरवून घ्यावा. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली, हे दिलेले असते. शेजारी त्याच केंद्राची मतदार यादी ठेवावी. यादीत वय, लिंग आणि घर क्रमांक मिळतो, जात किंवा धर्म मिळत नाही. आडनावावरून जात ठरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण ‘पाटील’ या एका आडनावानेच तो हिशेब कोलमडतो. साक्षरता, व्यवसाय, अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण यांसाठी २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते वापरावेत, मात्र ते आता जुने झाले आहेत, हे विसरू नये.

टक्केवारी कमी दिसली म्हणजे उदासीनता, असे लगेच म्हणू नये. मृत आणि स्थलांतरितांची नावे यादीत राहिली की छेद, म्हणजे टक्केवारी काढताना धरलेली एकूण मतदारसंख्या, फुगतो. बीडमधील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, त्यामुळे तेथील २०२४ च्या मे महिन्यातल्या लोकसभेच्या आणि नोव्हेंबरातल्या विधानसभेच्या मतदानाची तुलना जपूनच करावी.

एखाद्या केंद्रावर महिला मतदार जास्त आणि एका पक्षाची मतेही जास्त असली, तरी ती मते महिलांनीच दिली, असे त्यावरून सिद्ध होत नाही.